ताराबाई, चिंचोके आणि खिरापत

दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच आमच्या विश्रांतवाडीत एक वेगळाच हंगाम सुरू होतो. ज्युनिअर केजीच्या अॅडमिशनचा! धानोरी असो, कळस असो, टिंगरेनगर असो, सगळ्या आया फॉर्मच्या मागे. तुमच्या गावातही याहून फार वेगळं नसणार. मी इथं एक छोटी बालवाडी चालवते. नोव्हेंबर उजाडला की दारात थांबलेल्या आयांचा एकच प्रश्न असतो, शंभरपर्यंत आकडे लिहून घेताय ना? पोर असतं तीन-साडेतीन वर्षांचं. चपलेचा डावा-उजवा पाय अजून कळत नाही, पण शंभरपर्यंत यायलाच हवं.

असाच एक मुलगा मध्यंतरी आमच्याकडे आला. कुठल्याशा शाळेच्या मुलाखतीत गणितात कच्चा ठरून आलेला. आई अगदी रडवेली. घरी रोज संध्याकाळी तासभर पाटी-पेन्सिल, आणि चुकलं की धपाटा. पोरगं एक ते शंभर घडाघडा म्हणून दाखवत होतं. मी त्याला म्हटलं, बाळा, त्या टोपलीतल्या चार पणत्या आणून दे. त्यानं दोन्ही हातांत मावतील तेवढ्या आणल्या. सात होत्या. आकडे तोंडपाठ होते, पण चार म्हणजे किती हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

त्या आईला मी त्या दिवशी ताराबाई मोडकांविषयी सांगत बसले. अंगणवाडी हा शब्द तिला माहीत होता. तिची पुतणी गावाकडे अंगणवाडी सेविका आहे. पण हा शब्द रूढ करणारी बाई कोण, हे तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. तिचं काय चुकलं म्हणा! पाठ्यपुस्तकात दोन ओळी येतात आणि संपतात. रत्नाकर मतकरींचं ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या आयुष्यावर बेतलेलं आहे, हेही ते पाहिलेल्या अनेकींना माहीत नसतं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, म्हणजे मुलींनी शिकायला हवं हे त्या घरात भांडून मिळवायला लागलं नाही. १९१४ साली मुंबई विद्यापीठातून त्या बी. ए. झाल्या. तेव्हा मुलगी इंग्रजी चार इयत्ता शिकली तरी गल्लीत चर्चा व्हायची, हे लक्षात घ्या. पुढं अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचं लग्न झालं. घर, मान, पाहुणेरावळे सगळं होतं. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. घटस्फोट हा शब्द बायकांनी मोठ्यानं उच्चारायचीही सोय नव्हती त्या काळातली ही गोष्ट. पदरात लहान मुलगी. माहेरी परत जाऊन कोपऱ्यात बसणं हा एक रस्ता होता. ताराबाईंनी नोकरी धरली, राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात, तीही प्रिन्सिपॉलची.

इथं थांबल्या असत्या तरी त्या काळात ते मोठंच होतं. पगार चांगला, पद मानाचं. पण जवळच भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांची एक विचित्र शाळा चालवत होते. विचित्र अशासाठी की तिथं छडी नव्हती, परीक्षा नव्हती, पाठांतर नव्हतं. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवावं याचा शोध घेता घेता वकिली सुटली आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर उभं राहिलं. गुजरातेत त्यांना लोक लाडानं मिशावाली आई म्हणत. ताराबाईंनी ते बालमंदिर पाहिलं आणि १९२३ साली प्रिन्सिपॉलची नोकरी सोडून त्या तिथं रुजू झाल्या. पुढं १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाची मराठी आवृत्ती ताराबाई सांभाळत. मोठ्या माणसांना लहान मुलं समजावून सांगण्यासाठी त्या आयुष्यभर लिहीत राहिल्या.

भावनगरच्या शाळेमागची प्रेरणा होती मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टर बाईंची. या बाईंनी १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. गरीब वस्तीत, हे मुद्दाम सांगतेय. आज माँटेसरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एसी वर्ग आणि भली मोठी फी येते, म्हणून. मूल आधी हातानं शिकतं, मग डोक्यानं, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. गणितासाठी त्यांनी जी साधनं तयार केली ती बघण्यासारखी आहेत. लाल-निळ्या पट्ट्यांच्या दहा दांड्या, सगळ्यात छोटी दहा सेंटिमीटरची, सगळ्यात मोठी एक मीटरची. मूल त्या उचलतं तेव्हा एक आणि दहा यांतला फरक त्याच्या दंडाला कळतो. आणि दुसरी एक पेटी असते, शून्य ते नऊ आकड्यांचे कप्पे असलेली. एकाच्या कप्प्यात एक चाती, दोनाच्यात दोन, असं करत नवाच्या कप्प्यात नऊ. एकूण पंचेचाळीस चात्या. शून्याचा कप्पा रिकामा. शून्य म्हणजे काय हे त्या रिकाम्या कप्प्याइतकं सोपं करून दुसरं कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पण ही सगळी साधनं लाकडाची, मापात घोटलेली आणि महाग. ताराबाई मुंबईला परतल्या, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं, बालशिक्षिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. मध्यमवर्गीय घरांतून मुलं येऊ लागली. सगळं छान चाललेलं. तरी त्यांना एक गोष्ट डाचत राहिली. ज्यांच्या घरी पाटी घ्यायला पैसे नाहीत, त्या खेड्यातल्या मुलांचं काय? त्यांनी कुठून आणायच्या लाल-निळ्या दांड्या?

१९४५ साली त्यांनी दादर सोडलं आणि डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. त्रेपन्न! आपल्यातल्या कितीतरी जणी त्या वयात आता झालं गं सगळं, असं म्हणायला लागतात. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. तरी शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवत होत्या. एक घटस्फोटित, दुसरी बालविधवा. समाजानं ज्यांना मंगल कार्यातून बाजूला उभं केलं असतं, त्या दोघींनी पुढची अठ्ठावीस वर्षं एकत्र राहून दुसऱ्यांची लेकरं न्हाऊ-माखू घातली, हे मला कायम विलक्षण वाटत आलं आहे.

बोर्डी म्हणजे समुद्र, चिकूच्या बागा आणि त्या बागांच्या पलीकडे वारल्यांचे पाडे. आता हा भाग पालघर जिल्ह्यात येतो, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १९४५ हेच वारल्यांच्या उठावाचंही वर्ष, गोदावरी परुळेकरांनी ज्याची हकिकत लिहून ठेवली आहे. वेठबिगारी, सावकारी आणि दारिद्र्य यांत पिचलेली माणसं. त्यांच्या दृष्टीनं तीन वर्षांच्या पोराला शाळेत घालणं म्हणजे थट्टाच. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुलं काही तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी एक साधी गोष्ट केली. मुलं शाळेकडे येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे न्यायची. पाड्यावर जायचं, पोरांना गोळा करायचं, अंघोळ घालायची, केस विंचरायचे, आणि तिथंच कुणाच्या तरी अंगणात गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. आज देशभर लाखो पाट्यांवर दिसणारा शब्द तो हा.

आणि साधनं? ती अंगणातच पडलेली होती. समुद्रावरचे शिंपले, ओढ्यातले गोटे, झाडांची पानं, बिया, फुलं, माती, बांबूचे तुकडे. मुलं शिंपले मोजू लागली, लहान-मोठे लावू लागली, पानांचे ढीग वेगळे करू लागली. माँटेसरीबाईंचं तत्त्व तेच, सामान मात्र फुकटचं. पुष्कळ जण याला गरिबीतली तडजोड समजतात. मला तसं वाटत नाही. शिंपला मुलाच्या ओळखीचा असतो, त्यानं तो स्वतः वेचलेला असतो. दुकानातल्या ठोकळ्याशी त्याचं नातं जडायला वेळ लागतो. शिवाय हरवला तर रागावणार कोण? दुसरा आणायचा!

आता या विचाराला आमच्या बालवाडीत आम्ही सणांची जोड दिली आहे. पुढं सांगतेय ते खेळ आमचे आहेत, ताराबाईंच्या नावावर खपवत नाही. पण बी त्यांचंच. सणाला घरात वस्तूंची रेलचेल असते, मुलांचा उत्साह उतू जात असतो, आणि आपण मात्र त्यांना सारखं बाजूला हो, सांडशील, असं म्हणत असतो. त्याऐवजी त्यांना हाताशी घ्या.

नवरात्रापासून सुरुवात करते. घटावर रोज एक माळ चढते हे मुलं बघतच असतात. त्यांना त्यांची वेगळी माळ करायला द्या. पहिल्या दिवशी एक झेंडूचं फूल, दुसऱ्या दिवशी दोन, असं नवव्या दिवशी नऊ. नऊ माळा भिंतीवर शेजारी शेजारी टांगल्या की आपोआप जिना दिसतो. प्रत्येक माळ आधीच्या माळेपेक्षा एका फुलानं लांब. पुढचा आकडा म्हणजे मागच्यात एक मिळवलेला, ही गोष्ट पाटीवर शंभर वेळा लिहून समजत नाही, ती इथं डोळ्यांना दिसते. गंमत म्हणजे एकूण फुलं किती लागतात माहितीय? पंचेचाळीस! माँटेसरीबाईंच्या पेटीतल्या चात्यांएवढी. ही बेरीज माझ्या लक्षात आली त्या दिवशी मी स्वयंपाक टाकून पुन्हा पुन्हा मोजत बसले होते. (झेंडू महाग असेल तर शेवंतीची कळी, कागदाचं फूल, काहीही चालतं.)

दिवाळीत तीच पेटी घरी करता येते. दहा वाट्या ओळीत मांडायच्या, पुढं शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या, आणि पंचेचाळीस फुलवाती. वाती वळायला आजीला बसवा, तिला तेवढंच बरं वाटतं. मूल वाती वाटत जातं आणि शेवटी एकही उरली नाही की त्याचं त्यालाच कळतं की आपलं बरोबर आलं. एक उरली किंवा कमी पडली तर कुठंतरी चुकलंय. आईनं ओरडायची गरजच नाही, वातच सांगते. पणत्या मांडताना एका पणतीला एक वात, हाही खेळच. तीन वर्षांच्या मुलाला मोजता येत नसलं तरी एकास एक जोडी लावता येते, आणि मोजणीची खरी सुरुवात तिथूनच होते. तो पणत्यांवाला मुलगा याच ठिकाणी अडला होता. तोंड पुढं पळत होतं आणि बोट मागं राहत होतं.

पुण्यात दिवाळीचा किल्ला असतोच. आमच्या गल्लीतही मोठी पोरं माती कालवतात, हळीव पेरतात, मावळे मांडतात. छोट्यांना त्यात कुणी घेत नाही. आम्ही बालवाडीत छोट्यांचा किल्ला करतो, दहा पायऱ्यांचा. प्रत्येक पायरीवर आकडा. मोठ्या कवडीचं दान टाकायचं, उताणी पडली की एक, पालथी पडली की दोन, आणि तेवढ्या पायऱ्या मावळा चढवायचा. चढवताना आकडा मोठ्यानं म्हणायचा. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली असाच एक ते दहा घरांचा साधा पट गरीब घरांतल्या छोट्या मुलांना खेळायला दिला होता. वीस मिनिटांहून कमी वेळाच्या चार खेपा, बस्स. तेवढ्यानंही मुलांची आकड्यांची समज चांगलीच सुधारलेली दिसली. आपल्याकडं तर सापशिडी आणि सारीपाट पिढ्यान्‌पिढ्या आहेत, फक्त मोबाईलनं त्यांना माळ्यावर पाठवलंय.

भोंडल्याबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण तो खेळ माझा सर्वांत लाडका. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचा, पहिल्या दिवशी एक गाणं, मग रोज एक वाढवायचं, हे तुम्हाला माहीतच आहे. कुठं भोंडला म्हणतात, कुठं हादगा, विदर्भात भुलाबाई. गाण्यांचा हिशेब मुलांकडे द्या. प्रत्येक गाण्याला हत्तीपुढं एक चिंचोका. किती गाणी झाली, किती राहिली, चिंचोके बघून सांगायचं. पण खरी मजा खिरापतीची. झाकलेला डबा हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं. मोठ्या मुली पदार्थांची नावं फेकत सुटतात. आम्ही छोट्यांना आधी प्रश्न विचारायला लावतो. गोड आहे का? नाही. मग सगळे लाडू, वड्या, बर्फ्या बाद. डबा वाजतोय का? वाजतोय. मग उपमा-शिरा बाद. गोल आहे का? असं एकेक गट बाजूला पडत जातो आणि शेवटी चकलीचे तुकडे हाती लागतात. गणित म्हणजे नुसते आकडे, असं वाटणाऱ्या आयांना मी हा खेळ बघायला बोलावते. गटात घालणं, गटातून काढणं, एका खुणेवरून दुसरीकडे जाणं, हे गणितच आहे की! पुढं नववीत भूमितीची सिद्धता लिहिताना हेच तर लागतं. आमच्या आजीनं आम्हाला हे शिकवलं तेव्हा तिला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

ताराबाई आणि गिजुभाईंनी भावनगरच्या बालमंदिरात लोकगीतं, गोष्टी, गरबा, नाटुकली यांना जागा दिली होती. माँटेसरीच्या मूळ पद्धतीत गोष्टी-गाण्यांना एवढं महत्त्व नव्हतं. इथल्या मातीतलं घ्यायचं हे त्यांनी तेव्हाच ठरवलं, आणि परदेशी पद्धत आंधळेपणानं उचलली नाही. हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट आदिवासींमध्ये. तिथं नवी अडचण दिसली. सहा-सात वर्षांचं पोर गुरं राखायला जातं, त्याच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. शाळेत येणार कसं? मग गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. धाकट्यांसाठी पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, त्याला विकासवाडी म्हणत. थोरली बहीण शिकताना धाकट्याकडे नजर ठेवू शकेल अशी सोय. बाईच्या डोक्यातूनच निघू शकते अशी ही योजना आहे, बरं का! वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठानं काढलेली चित्रं बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस, गोल म्हणजे डोकं, लग्नाचा चौक चौकोनी. आकारांचा एवढा सुंदर धडा ज्या मुलांच्या घरच्या भिंतीवर होता, त्यांना अडाणी म्हणायचं तरी कसं?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. आज त्या चौदा लाखांच्या घरात आहेत. ते दिवस बघायला ताराबाई नव्हत्या. अनुताईंनी कोसबाडचं काम पुढं चालवलं, १९९२ मध्ये त्याही गेल्या. आता २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा धरला आहे, आणि २०२३ मध्ये सरकारनं त्या वयासाठी ‘जादूई पिटारा’ नावाची खेळण्या-बाहुल्यांची पेटी काढली. कागदावर ताराबाईंचं म्हणणं जवळजवळ मान्य झालंय म्हणा ना. पण आमच्या आळंदी रोडवर अजून साडेतीन वर्षांच्या मुलाची मुलाखत होते आणि त्याला कच्चा म्हणून परत पाठवलं जातं.

त्या मुलाचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. संक्रांतीनंतर आम्ही बालवाडीत सगळ्यांचं बोरन्हाण करतो. काळी झबली, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, बिस्किटं, गोळ्या. पोरं तुटून पडतात. मग खाण्याआधी एक अट, आपापला खजिना जमिनीवर रांगांत मांडायचा. बोरांची एक रांग, उसाची एक, गोळ्यांची एक. कुठली लांब, कुठली आखूड, कुणाकडे बोरं जास्त. मोठेपणी ज्याला आलेख म्हणतात तो फरशीवर तयार. त्या दिवशी तो मुलगा प्रत्येक बोरावर बोट टेकवत, अगदी सावकाश, सहापर्यंत आला आणि थांबला. पुढं बोर नव्हतं म्हणून थांबला. शंभरपर्यंत घडाघडा पळणारं पोर सहावर थांबलं, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! त्याच्या आईला मात्र तो समजावून सांगायला वेळ लागला. ती अजूनही मधून मधून पाटी काढतेच. धपाटे तेवढे थांबलेत.

ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते ती आमच्या विश्रांतवाडीवरूनच जाते. त्या आठवड्यात आमची छोटी दिंडी असते. काडेपेटीची पालखी, दोघा-दोघांच्या जोड्या, एक टाळवाला, एक पताकावाला, पुन्हा टाळवाला, पुन्हा पताकावाला. पुढं कोण येणार ते मुलंच ओरडून सांगतात. १४ एप्रिलला निळ्या आणि पांढऱ्या कागदांच्या पताकांची माळ करताना हीच रीत. ईदला शिरखुर्म्याच्या सामानातले खजूर, काजू, बदाम, मनुका वेगळे करायला आमच्याकडची सगळी पोरं बसतात, मनुकांची वाटी नेहमी अर्धीच भरते हा भाग निराळा. गणपतीत एकवीस मोदकांच्या मागे लागू नका, तीन वर्षांच्या मुलाला एकवीस हा फक्त आवाज असतो. मातीचे पाच मोदक पुरे. एका ताटात तीन, दुसऱ्यात दोन, मग चार आणि एक, पाच तसेच राहतात का ते त्याला पुन्हा पुन्हा बघू दे.

एक काळजी मात्र घ्या. चिंचोके, हरभरे, मणी तीनच्या आतल्या मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, नाकात-कानात जातात आणि तोंडात गेले तर घशात अडकतात. मोठ्यांनाही समोर बसूनच द्यायचे. लहानग्यांसाठी बटाटे, वाट्या, चमचे, पणत्या आहेतच. आणि चिंचोके साठवणार असाल तर आधी धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, डब्यात थोडा कडुलिंबाचा पाला घाला. नाहीतर पावसाळ्यात पोरखिडा लागतो आणि नवरात्रात डबा उघडावा तर नुसता भुसा हाती येतो.